हळदीची चिंधी

पोलादपूरच्या घाटात बैलगाडी उलटली आणि एका बाईला आमच्या महाडच्या दवाखान्यात आणलं. मनगट मोडून सुजलं होतं, काचेच्या बांगड्या रुतल्या होत्या, बोटं निळी पडत होती. बांगड्या फोडल्या नसत्या तर हातच गेला असता.

“धनी मुंबईला हाय. चुड्याला हात नाय लावायचा गो,” ती म्हणाली.

मी डॉक्टरांच्या हाताखाली नर्सचं काम नुकतीच शिकत होते. घरी बांगडी फुटली, की नवी भरेपर्यंत आई मनगटाला हळदीचा दोरा बांधायची. मी पट्टीची चिंधी हळदीत भिजवून तिच्या त्याच हाताच्या दंडाला सैल बांधली.

“हा चुडा असू दे. आता त्या बांगड्या काढू?”

तिनं हात पुढे केला. बांगड्या निघून बोटांत रंग आल्यावर दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली. “कुठं शिकलीस गो हे?”

शाळा माझी तिसरीतच सुटलेली. “आईकडं,” म्हटलं.

आई लांब, सोलापूरकडे. दुसऱ्या दिवशी तिला कार्ड टाकलं: तुझा हळदीचा दोरा इथं कामी आला.