ओट्याखालचा पाट

सकाळी केर काढताना ओट्यापाशी पडलेला लाकडी पाट उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. त्यावर दोन पावलांपुरती जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. बाकी पाटाचा लाल रंग अजून शाबूत आहे.

आई बुटकी. ओटा तिला उंच पडतो, म्हणून ती या पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. इंटिरियर डिझाइनच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं, की ओटा कोपराच्या जरा खाली हवा. "घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते, तिचं माप घ्या," मॅडम म्हणाल्या. मी टेप आणून आईच्या कोपराची उंची घेतली. ती शाळेत उभं केल्यासारखी ताठ उभी राहिली. मग स्वयंपाकघराचा फोटो काढताना मी म्हणाले, "आई, तो पाट सरकव ना. बरा नाही दिसत." तिने पायानेच तो ओट्याखाली ढकलला आणि टाचा उंचावून लाटत राहिली.

त्या मापांचं माझं ड्रॉइंग वर्गाच्या भिंतीवर लागलं. आता नोकरीसाठी केलेल्या पोर्टफोलिओत ते पहिल्या पानावर आहे. त्यात ओटा चार इंचांनी खाली घेतलाय. माप घेताना आपण माणसाच्या इतके जवळ असतो, तरी तो दिसत कसा नाही, कोण जाणे.

तेवढ्यात आई आत आली. माझ्या हातातला पाट बघून म्हणाली, "आज परत फोटो काढायचाय का गं?"