लाल चौकट

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक म्हातारी होती. संगणकावरच्या कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं.

"टाकलंय त्यानं मला. त्याचं नाव नको."

"रिकामं ठेवलं तर हे पुढेच जात नाही, मावशी." पडद्यावरची चौकट लाल झाली होती. त्याने कंटाळून तिच्यात 'अबक' टाईप केलं. चौकट लगेच हिरवी झाली.

मला किळस आली. इथे काहीतरी अक्षरं हवीत, एवढंच या यंत्राला शिकवलंय. बाईचं खरं त्याच्या घशाखाली उतरत नाही, आणि असली थाप मात्र ते गटकन गिळतं. शिकवणारी माणसं कसली, तर नवऱ्याशिवाय बाई असते हे डोक्यातच न येणारी.

थोड्या वेळाने आतून पुकारा झाला, "गोदाबाई अबक!"

म्हातारीने एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि ती निमूट उठली.