पांढऱ्या झाकणाखालची चार पिल्लं

मावशीला प्रयोगशाळेत घेतलं होतं काचेची भांडी घासायला. घासता घासता तिची नजर टाक्यांकडे गेली आणि तिथंच रुतून बसली. टाक्यांत पाण्यातल्या गोगलगायी होत्या. मुठीएवढ्या, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंडी घालायला त्या पाण्याबाहेर काचेवर चढत आणि गुलाबी दाण्यांचा घोस चिकटवून परत खाली उतरत. त्या घोसाला ओल हवी, पण पाणी लागलं की खेळ खलास. ती अंडी जगवताना शिकल्यासवरल्या दोघांनी हात टेकले होते. मावशीला ते आठ दिवसांत साधलं. तेव्हापासून सोळा वर्षं टाक्या तिच्याच.

तिच्या जागी काचेची भांडी घासायला आलेला भांडीवाला रोज सकाळी दारातून विचारायचा, "काय मावशी, सुना उठल्या का?"

"कधीच्या. तुझी वाट बघून दमल्या."

तीन वर्षांपूर्वी या गोगलगायींवर संशोधन करायला ताई आली. वयानं मावशीच्या धाकट्या लेकीएवढी, कामात बुडाली की जेवायचं विसरणारी. मावशी तिच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी डबा उघडून ठेवायची आणि खाईपर्यंत तिथून हलायची नाही. ताईही खाता खाता तिला सगळं समजावून सांगायची.

"मावशी, डोळा कुठं घडवायचा, मेंदू कसा घडवायचा, याचा हुकूम जिवाच्या आतच असतो. त्याला जनुक म्हणतात. डोळ्याची सुरुवात करून देणारं एक जनुक माणसात आहे, माशीत आहे, या तुमच्या गोगलगायीतही आहे. थोड्याफार फरकानं तेच."

"म्हणजे ही माझी नात्यातलीच."

"लांबच्या नात्यातली. आणि हिचा डोळा कापला ना, तर महिन्याभरात नवा येतो."

"अगं बाई! आमच्या म्हाताऱ्याला शिकव म्हणावं हिला. मोतीबिंदू झाल्यापासून चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर."

ताईनं ते जनुक बिघडवलेल्या गोगलगायी वाढवल्या होत्या. बिघाड आई आणि बाप दोघांकडूनही आला, तर पिल्लाला डोळे येतात का, एवढंच तिला बघायचं होतं. त्यांची पिल्लं निळ्या झाकणाच्या बशीत, साध्या गोगलगायींची पांढऱ्या झाकणाच्या बशीत. आधीच्या दोन खेपांना पिल्लं जगली नव्हती. ही तिसरी. सोमवारी प्रयोगशाळेचे थोरले सर बघायला येणार होते. उत्तर चोख नसेल, तर काम बंद आणि टाक्या रिकाम्या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

गुरुवारी दुपारी मावशी ओली फडकी पिळत होती. वळून बघते तर ताई सूक्ष्मदर्शकावर कपाळ टेकून रडत होती.

"काय झालं ताई?"

"पांढऱ्या बशीतही चार पिल्लं बिनडोळ्यांची निघाली. साधी पिल्लं ती, त्यांचं मी काहीच बिघडवलेलं नाही. म्हणजे डोळे जातात ते पाण्यानं, नाहीतर आणखी कशानं. माझं सगळं खोटं ठरलं, मावशी. तीन वर्षं!"

मावशीच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. ती चार पिल्लं तिनंच उचलून तिकडे ठेवली होती. निळ्या बशीत ती कडेला पडून असायची, पानाला तोंड लावायची नाहीत. शिंगांच्या बुडाशी जिथं काळा ठिपका असतो, तिथं सगळं कोरं. पांढऱ्या बशीतली पोरं कशी भराभर चरायची! मावशीला वाटलं, चारचौघांत बसली की खातील. घरीही ती रुसल्या पोराला असंच पंगतीत बसवायची.

गप्प राहिली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि बोलली, तर टाक्या वाचल्या तरी तिच्याकडून गेल्या. तिच्या हाती पुन्हा घासणी. मावशी खुर्ची ओढून ताईजवळ बसली.

"ताई, ती मी ठेवली. निळ्यातली आहेत ती. खात नव्हती म्हणून."

ताईनं तोंड वर केलं. आधी तिला कळेचना. मग कळलं, आणि ती ताडकन उठली.

"मावशी, अहो... झाकणाला वेगवेगळे रंग काय शोभेला दिलेत?"

"नाही हो."

"माझा कुणावर भरवसा होता, माहीत आहे?"

 मावशीला वाटलं, यापेक्षा भांडीवाल्याची रोजची थट्टा ऐकून घेणं सोपं.

ताईनं दोन्ही बश्यांतल्या एकेका पिल्लाच्या पायाचा कणभर तुकडा घेतला आणि त्यातलं जनुक यंत्रावर वाचायला लावलं. शुक्रवार गेला. ताई डबा न खाता फिरत होती, मावशीशी बोलत नव्हती. मावशीनं टाक्या अशा पुसल्या, जणू उद्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्यात.

शनिवारी ताई कागद घेऊन आली. चारही पिल्लांत बिघाड दोन्हीकडून आलेला. निळ्या बशीतल्या बिनडोळ्यांचंही तसंच. डोळे असलेल्या एकातही दुहेरी बिघाड नाही.

"उत्तर चोख आहे," ताई म्हणाली. "पण तुम्ही पिल्लं हलवलीत, हे मी सोमवारी सरांना सांगणार. कागदावरही लिहिणार."

"लिहा. खोटं कशाला?"

"आणि बोलला नसतात, तर पांढऱ्या बशीतली पिल्लं तपासायची मला अक्कलही सुचली नसती. फेकून दिली असती मी सगळी." ताईनं कागद टेबलावर ठेवला. "खायला लागली का हो ती तिकडे?"

"लागली की! पानाची चाळण केली."

"सोबतीनंच खाल्लं, याला पुरावा नाही हं मावशी."

"नसू दे. पोटं भरली ना?"

ताई हसली आणि तिथंच, उभ्यानंच, डब्याकडे हात केला. "इथून पुढं एक पिल्लू जरी हलवलं, तरी आधी मला सांगायचं. मी कुठंही असले तरी."

सोमवारी थोरले सर सगळं ऐकून, बश्या बघून गेले; टाक्या राहिल्या, त्याही मावशीकडेच. मंगळवारी ताई बैठकीत असताना व्हरांड्याच्या टोकाकडून मावशीची खणखणीत हाक आली, "ताई, एक पोरगी पानावरून उचलून बाजूला ठेवते हो! त्याच बशीत!"

थोरल्या सरांसकट सगळ्यांनी माना वळवल्या. ताईनं बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "ठेवा!"