वाढ नाही

सदर महिला कर्मचारी जंतुशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ या पदावर कायम असून, रुग्णांच्या रक्तातील जंतू वाढविणे, त्यांवर औषधे आजमावणे आणि निष्कर्ष विनाविलंब कळविणे हे तिचे कर्तव्य होय. वर्तणूक समाधानकारक. टोपणनावासाठी रकाना नसल्यामुळे ‘विरजणबाई’ हे नमूद केलेले नाही.

जंतू रात्रभर उबेत ठेवायचे आणि सकाळी झाकण उघडून बघायचं, या उद्योगाला सगळं हॉस्पिटल विरजणच म्हणे. “लागलं का हो आज?” असं लिफ्टवालाही विचारी.

पोटाच्या ऑपरेशननंतर बाईंच्या थोरल्या भावाला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा बाई धावत वॉर्डात गेल्या. रक्तासाठीची बाटली सिस्टरच्या हातात तयार होती. सलाईनमधून अँटिबायोटिकही चालू झालं होतं.

“अहो सिस्टर, आधी रक्त, मग औषध!”

“भाऊ तुमचाच ना? तडफडत ठेवायचा होता का?”

सिस्टरने बाटलीत रक्त भरलं, ते औषधानंतरच. औषधाने तात्पुरते दबलेले जंतू बाटलीत वाढत नाहीत, माणसात वाढतात. रिपोर्ट आला: वाढ नाही. डॉक्टरांनी तेच औषध चालू ठेवलं.

“वन्सं, वाढ नाही म्हणजे उतार पडला ना?” वहिनींनी विचारलं.

“बाटलीत वाढ नाही, वहिनी.”

“मग तेच की!”

तापाने मात्र रिपोर्ट वाचला नव्हता. शेवटी बाईंनी हट्टाने, पुढचा डोस थांबवून, स्वतः रक्त घेतलं. या वेळी जंतू भरभरून वाढले. बाईंनी त्यांच्यावर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं, की टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल उरतो. दादाला चालू असलेल्या औषधाच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. गोल होता तो एकाच टिकलीभोवती. ते औषध खालच्या दुकानात मिळत होतं.

बाईंनी वॉर्डात फोन लावला. त्या काही बोलायच्या आतच सिस्टर म्हणाली, “बाई, वर या. वहिनींना धरायला कुणीतरी हवंय.”

पुढे प्रयोगशाळेचा वार्षिक आढावा वर पाठवायची वेळ आली.

“एका रुग्णाचा पहिलाच नमुना धरायचा,” प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. “नियमच आहे.”

“पहिला चुकला होता, साहेब.”

“चुकला कुठे? वाढ नव्हती.”

औषधांना न जुमानणारे संसर्ग: निरंक. नमुने घेण्याची पद्धत: समाधानकारक.

दादाच्या कॉटवर आलेल्या नव्या रुग्णाला ताप होता. त्याला इंजेक्शन दिलं आणि मग रक्त घेतलं.