वर्षश्राद्धाच्या पानातलं चॉकलेट

मंडळी, दुपारपासून जिभेवर एक कडू चव आहे, ती जात नाही.

आज आमच्या हिचं वर्षश्राद्ध झालं. तिच्या आवडीचं म्हणून मी पानात चॉकलेट ठेवलं. तिच्या शेवटच्या आजारपणात गुलमंडीच्या बाजारातून आणलं होतं, अगदी त्याच कंपनीचं. नैवेद्यानंतर प्रसाद म्हणून तुकडा तोंडात टाकला, तर कडू!

"खराब निघालं गं," मी लेकीला म्हणालो.

"नाय बाबा, हे डार्क चॉकलेट आहे. यात कोको जास्त, साखर थोडी, दूध बहुतेक नसतंच. असंच लागतं ते."

मला हिचं आजारपण आठवलं. तेव्हा ही म्हणाली होती, "लई गोड आहे हो." मी हात पुढं केला, तर पुडा उशीखाली सारून हसली. "तुम्हाला नाय मिळायचं. माझ्यासाठी आणलंय ना? मग समदं माझं." आणि सगळं एकटीनं संपवलं.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावतानाही तेच हसू कानात होतं. औषधांनी तिच्या तोंडाची चवच गेली होती, की माझं मन राखायला तिनं ते कडू खाल्लं? देवाला विचारलं.

तुमच्या घरातलं कुणी "गोड आहे" म्हणालं, तर तुम्ही चाखून बघता का?