मुळ्यांच्या शशीचं खिमट

नाव: श्रीपाद दिनानाथ मुळ्ये. हुद्दा: कनिष्ठ लिपिक, मध्यभारत शासन. राहणार: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. बांधा सडपातळ, वर्ण गव्हाळ, मिशी ग्वाल्हेरात राखलेली. विशेष पात्रता: सरकारी कपाटे एका राजधानीतून दुसरीत नेणे व तितकीच परत आणणे. अपत्ये: एक, कन्या, अपरिचित.

शेवटचा शब्द समजावून सांगायला हवा. नवं राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर दोघांनाही राजधानी हवी होती. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून सरकारने दोघांनाही दिली. थंडी आली की सचिवालय कपाटं-टाइपरायटरांसकट आगगाडीत बसून ग्वाल्हेरला जाई आणि उन्हं तापली की इंदूरला परते. शशिकला जन्मली तेव्हा सरकार ग्वाल्हेरला होतं, म्हणजे श्रीपादही. बारशाला तो धावतपळत येऊन गेला. उष्टावणाला रजा मिळाली नाही. जवळच्या राऊ गावाहून हरीमामा आला, त्याने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली आणि भाचीने मिटक्या मारल्या. श्रीपादने ग्वाल्हेरहून आशीर्वादाचं कार्ड टाकलं होतं. तेही शशीने खाल्लं, असं त्याची बायको इंदुमती सांगे.

आता तो परतला होता आणि शशीने आपली भूमिका पहिल्याच दिवशी स्पष्ट केली होती. हा माणूस घरात राहायला तिची हरकत नव्हती. जवळ यायला होती. चमचा घेऊन यायला तर सक्त.

एरवी हे चाललं असतं. पण इंदुमतीला मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा मिळाली होती, सकाळची शाळा, सोमवारपासून. श्रीपादची कचेरी उशिरा भरे, तेव्हा सकाळी लेकीला भरवायचं काम त्याच्याकडे आलं. रविवारी रंगीत तालीम ठरली.

"आज तिनं तुमच्या हातून खाल्लं तर उद्या मी जाते," इंदुमती म्हणाली. "नाही तर शाळेला नकार कळवून टाकते."

"शेजारी गंगूबाई आहेत की."

"त्यांना त्यांचं घर नाही का? लोकांच्या भरवशावर मी नोकरी धरणार नाही."

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती शांत होती, आणि ट्रंकेवर दोन सुती साड्या खळ देऊन, घडी घालून ठेवलेल्या त्याला दिसत होत्या.

खिमटाची भरड तिने आधीच करून ठेवली होती. तांदूळ नि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळी भाजून, चिमूटभर जिरं घालून जात्यावर दळलेली. "पाण्यात शिजवायची, मीठ घालायचं, वर तूप. एवढंच," म्हणाली आणि पोरीच्या नजरेआड व्हायला गंगूबाईंकडे निघून गेली. 'एवढंच' हा शब्द श्रीपादने साहेबांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला होता. त्यानंतर काय होतं तेही त्याला ठाऊक होतं.

त्याने उकळत्या पाण्यात भरड एकदम ओतली.

"श्रीपादराव!" समोरच्या खिडकीतून गंगूबाईंचा आवाज आला. "लाडू वळताय का? आधी थंड पाण्यात कालवायची असते, भिया!"

गुठळ्यांचं पातेलं बाजूला ठेवून त्याने दुसरं चढवलं. हे जमलं. मऊ, सरसरीत, वर तुपाचा डोळा. शशीला उशीला टेकवून बसवलं, चांदीची वाटी घेतली आणि चमचा पुढे केला. तोंड बंद. त्याने चिऊ बोलावली, काऊ बोलावला. तोंड बंदच. सरकारची भाषा हिंदी, तेव्हा "खा लो, बेटी" असंही म्हणून पाहिलं. त्यावर तोंड उघडलं, पण रडायला. ती संधी साधून त्याने चमचा आत सारला, तर तो ऐवज त्याच्या मिशीवर परत आला.

"अहो, जरा हसत भरवा!" गंगूबाई ओरडल्या. "तुमचं तोंड बघून मेरी भी भूख मर गई!"

"तुम्ही खिडकी लावा हो!"

खिडकी लागली नाही. शशी मात्र तारस्वरात लागली.

श्रीपादने वाटी खाली ठेवली. पोरगी खाईपर्यंत आपणही खायचं नाही, असा त्याने सकाळी नेम केला होता, तो आता मोडल्यातच जमा होता. गुठळ्यांचं खिमट त्याने ताटलीत काढलं. इंदूरचा माणूस फिकं काही तसंच खात नाही. हात आपोआप डब्याकडे गेला आणि मूठभर सेव वर पडली. पोरीकडे पाठ करून, ट्रंकेवरच्या साड्यांकडे बघत, त्याने बोटांनी घास घेतला.

कुरुम.

रडणं थांबलं.

त्याने दुसरा घास घेतला. कुरुम. मागून त्याच्या सदऱ्याला कुणीतरी धरलं. वळून पाहिलं तर शशी उशीवरून कलंडली होती आणि त्याच्या हलणाऱ्या मिशीकडे डोळे फाडून बघत होती. हरीमामाने, इंदूने, गंगूबाईंनी, सगळ्यांनी तिला भरवलं होतं. पण तिच्यासमोर बसून असं आवाज करत कुणी जेवलं नव्हतं. तिचं तोंड हळूहळू उघडलं.

"सेव नाही हं, शहाणे," श्रीपाद कुजबुजला. त्याने तिला सरळ बसवलं, हात धुतले आणि वाटीतलं मऊ खिमट बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावलं. तिने चाटलं, गिळलं आणि त्याच्या तोंडाकडे रागाने पाहिलं. आवाज कुठे? त्याने घाईघाईने सेव चावली. तोंड उघडलं. मग तसंच ठरलं: एक सेव त्याला, एक बोट तिला. वाटीचा तळ दिसला तेव्हा ती त्याच्या मांडीवर येऊन बसली होती आणि त्याच्या जबड्यावर हात ठेवून आतलं काम तपासत होती.

"गप गं, हाक मारू नको," गंगूबाई खिडकीत इंदुमतीला दबक्या आवाजात म्हणत होत्या. "छोरी खातीये."

इंदुमती दारात आली. तिने वाटी पाहिली, ताटली पाहिली, सेवेचा रिकामा डबा पाहिला.

"मग? जाऊ उद्या?"

श्रीपादने घसा साफ केला. "बाळाने आहार ग्रहण केला," तो म्हणाला. "सबब शाळेत रुजू होण्यास हरकत नाही."

बाळाने त्याच्या मांडीवर शू केली होती.