फडक्यावरचे डाग

मुकुंदवाडीच्या सिग्नलला आज जळक्या ऑईलचा वास आला आणि आई आठवली. आमची गाडी जेमतेम वर्षाची, तरी इंजिनातलं ऑईल कमी व्हायचं. दर रविवारी आई ऑईल मोजायची पट्टी काढून एकाच पांढऱ्या फडक्यावर टेकवायची. प्रत्येक डाग आधीच्यापेक्षा आखूड. शेवटी ते फडकं तिनं सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या टेबलावर पसरलं. मॅनेजर हसला, "काकू, नव्या गाड्या ऑईल खातातच." आई म्हणाली, "व्हय? मग तेवढंच कागदावर लिहून सही करा." "तसं लिहून देता येत नाही." "मग इंजिन खोला. तोवर मी इथून हलत नाय." संध्याकाळी त्यांनी इंजिन खोललं. आता मला कुणी "एवढं चालतंच" म्हणालं, की मी पेन पुढं करते.